छताचा ड्रायवॉल (जिप्सम बोर्ड) बदलताना वरचं सुटं इन्सुलेशन कसं रोखलं

लक्षण: छतावर तपकिरी डाग, मध्ये फुगवटा, बोटाने दाबलं की बोर्ड आत जातो. गळती आधीच बंद केलेली होती. डागावर नुसता रंग मारला, तर डाग पुन्हा वर आला. मग खालून छोटं भोक पाडलं आणि माळ्यावरचं सुटं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा मोकळा भराव) भसाभस डोक्यावर! खाजेने जीव नकोसा झाला.

शेवटी काम माळ्यावरून सुरू केलं. (तिथे खड्यांसारखं, चमकदार करडं-सोनेरी व्हर्मिक्युलाइट हे खनिज असेल तर हात लावू नका, त्यात अॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतं. आधी तपासून घ्या.)

वीज बंद, मास्क, चष्मा, हातमोजे. चालायला तुळयांवर आडवी फळी. पाय बोर्डवर पडला तर थेट खाली. खराब भागाच्या चारही कोपऱ्यांतून खिळा खाली आरपार घातला, म्हणजे खालून जागा नेमकी कळते. त्या हद्दीपलीकडे वीतभर जास्त इन्सुलेशन पिशव्यांत भरलं. बाकीचं घसरू नये म्हणून तुळयांच्या मध्ये पुठ्ठे उभे खोचले. ओलं झालेलं फेकलंच.

मग खालून, दोन्ही बाजूंना तुळईच्या मध्यापर्यंत, चौकोन कापला. करवतीचं पातं बोर्डच्या जाडीइतकंच आत. वर वायर असू शकते. अधांतरी कडांमागे लाकडी पट्ट्या स्क्रूने बसवल्या. ही पायरी गाळली की सांधा हमखास तडकतो. नवा तुकडा जुन्याच जाडीचा, कडेने पाव इंच लहान. स्क्रू कागद न फाडता जेमतेम आत. सांध्यांवर टेप, सांधे भरायच्या कंपाउंडचे तीन हात, प्रत्येक पूर्ण वाळू देऊन.

पुठ्ठे काढून कोरडं इन्सुलेशन पूर्वीच्याच उंचीपर्यंत पसरलं, दाबलं मात्र नाही.