कठीण दिवसांत हसू कसं जपावं

बाबा अकरा महिने अंथरुणाला खिळले होते. मी आणि ताई रात्री वाटून घ्यायचो. एका पहाटे मी अर्धा तास त्यांचा चष्मा शोधत होते. ते शांतपणे म्हणाले, "माझ्या नाकावर बघ गं." आम्ही दोघं इतके हसलो की ताई घाबरून धावत आली. त्या दिवशी दुखणं कमी झालं नव्हतं, पण खोलीतली हवा बदलली.

तर पहिलं म्हणजे, एकट्याने हसण्याचा खटाटोप करू नका. रॉबर्ट प्रोव्हाइन या अभ्यासकाला आढळलं होतं की माणसं एकटी असताना हसतात त्याच्या सुमारे ३० पट जास्त सोबतीत हसतात. म्हणून ज्याच्याशी पूर्वी हसला आहात त्याला फोन करा, अगदी पाच मिनिटं. रॉबिन डनबर या मानसशास्त्रज्ञांच्या गटाच्या प्रयोगांत मिळून खळखळून हसल्यावर लोकांची वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली दिसली. नुसत्या ओठांच्या हसण्याने ते होत नाही.

आजाऱ्याच्या उशाशी विनोद करायचा असेल तर सुरुवात त्याला करू द्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हसायचं ते प्रसंगावर, त्याच्या असहायतेवर कधीच नाही. आणि जो सतत हसतमुख दिसतो त्याला एकदा हळूच विचारा, "झोप लागते का?" ताईला मी हे फार उशिरा विचारलं. ती रडली, मग डोळे पुसत तिनेच चष्म्याची गोष्ट काढली.