प्रवासात रान आणि प्राणी जलरंगात कसे रंगवावेत

१. सामान

कागद सुती, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत पोताचा), ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड). "साध्या वहीतही चालतं" असं सांगणाऱ्याने भरपूर पाण्याचा वॉश (पातळ रंगाचा पसरट थर) बहुधा कधी दिलेलाच नसतो. पातळ कागद फुगतो, खळग्यांत पाणी साचतं आणि आकाशाची वाट लागते. आकार लहान ठेवा, दोन तळहातांएवढा पुरे. रंग सात-आठ बस्स झाले, पण त्यात अल्ट्रामरीन (गर्द निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) असलेच पाहिजेत. खडक, ढग, हत्तीची कातडी, झाडाखालची सावली हे सगळं या जोडीतून निघतं. मास्किंग फ्लुइड (कागद पांढरा राखायला लावतात तो रबरी द्रव) घरीच ठेवा. उन्हात तापलं की ते कागदाला घट्ट धरतं आणि सोलताना वरचा पापुद्रा घेऊन येतं.

२. बैठक

कागद सावलीत हवा. भर उन्हात कागद इतका उजळ दिसतो की नकळत रंग गडद लागतो आणि खोलीत आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं.

३. रेखाटन

क्षितिज आणि तीन-चार मोठे आकार. सावल्या मात्र लगेच पक्क्या करा, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो. तासाभराने सावल्या "दुरुस्त" करणाऱ्याच्या चित्रात दोन सूर्य असतात.

४. पहिला वॉश आणि ओल

माझी सर्वात जास्त पानं इथेच गेली आहेत, त्यामुळे इथे जरा थांबतो.

"वॉश दिल्यावर पाच मिनिटं थांबा" हे जिथे वाचाल तिथे पुढचं वाचू नका. तो बंद खोलीतला सल्ला आहे. उंच, कोरड्या पठारावर वारा असेल तर वॉश खालपर्यंत आणेपर्यंत वरची कड सुकलेली असते. पावसाळी जंगलात तोच वॉश अर्ध्या तासानंतरही ओलाच. घड्याळ खिशात ठेवा आणि कागद बघा.

कागद डोळ्यांच्या पातळीवर आणून उजेडाकडे तिरपा धरा. पाणी लख्ख चमकत असेल तर ओल्यात रंग सोडायची हीच वेळ: ढगांच्या कडा, धुकं, पाण्यातली प्रतिबिंबं. चमक मंदावली की लांबच्या झाडांची रांग घ्या, पण ब्रशमध्ये रंग दाट आणि पाणी नावापुरतं. मग चमक पूर्ण जाते आणि कागद सुकल्यासारखा दिसतो. ही सर्वात फसवी अवस्था. हाताची मागची बाजू कोपऱ्यावर हलकेच टेकवा (बोट नको, त्याचं तेल कागदाला लागतं). कागद गार लागला तर पाणी अजून उडतंय. आता काहीही करू नका. या वेळी ओला ब्रश लागला की त्यातलं पाणी आधीचा रंग रेटत नेतं आणि दातेरी कडेचा डाग उठतो. पुसायला गेलात तर तो आणखी पसरतो. गारवा गेल्यावरच पुढचा थर.

ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा कमी हवं. बाकी सगळे नियम विसरलात तरी चालेल.

कागदाच्या खालच्या कडेला पाण्याची जी लोळी जमते, ती पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. राहिली तर वरचा भाग सुकल्यावर ती उलटी वर चढते आणि तोच दातेरी डाग पाडते.

हवा इतकी दमट असेल की ओल हटतच नाही, तर वाट बघत बसू नका. दोन आकारांमध्ये केसाएवढी कोरडी फट सोडून शेजारीशेजारी रंगवत जा. रंग फट ओलांडत नाही, आणि ती पांढरी रेघ उजेडाची कड वाटते. शून्याखालच्या थंडीत पाण्यात थोडी व्होडका घाला, म्हणजे ते सहज गोठत नाही. तरीही वॉशमध्ये बर्फाची नक्षी उमटलीच, तर मुद्दाम काढली म्हणून खुशाल खपवा.

५. प्राणी

वॉश सुकेपर्यंतचा वेळ प्राण्यांचा. त्यासाठी वेगळी वही, आणि दुर्बीण तिकाटण्यावर लावलेली, म्हणजे दोन्ही हात मोकळे. जनावर चरायचं सोडून तुमच्याकडे बघू लागलं तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका.

एका पानावर पाच-सहा अपुरी रेखाटनं एकदम चालू ठेवा. चरणारं हरीण मान वर करतं, पुन्हा खाली घालतं. तीच ढब परत आली की त्याच रेखाटनावर परत जा. आधी पाठीचा कणा, मग खांदा आणि पुठ्ठा, मग डोक्याचा कोन. डोळा सगळ्यात शेवटी, जरी सगळ्यांचा हात आधी तिथेच जात असला तरी. मागच्या पायाचा जो उलटा वळलेला गुडघा दिसतो ती खरं तर टाच असते. गुडघा वर, पोटाजवळ असतो. एवढं ध्यानात ठेवलं तरी पाय लाकडी दिसत नाहीत.

पोटाखाली सवयीने गडद सावली ओढू नका. बहुतेक हरणांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं. वरचा उजेड पाठ उजळवतो, पोट सावलीत जातं आणि दोन्हींचा टोन (गडद-फिकेपणा) जवळजवळ सारखा होतो, म्हणून तर झुडपातलं जनावर चटकन दिसत नाही. हे १८९६ साली मांडलं अ‍ॅबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने. टोन मोजत बसण्याची सवय चित्रकारालाच असणार! तेव्हा डोळे किलकिले करा आणि दिसतो तोच टोन लावा.

६. आवराआवर

मिशा, पिसांवरची चमक असे बारीक पांढरे तपशील शेवटी पांढऱ्या ग्वाशने (अपारदर्शक जलरंगाने). रंगाचं पाणी ओढ्यात ओतायचं नाही, कॅडमियम किंवा कोबाल्टचे रंग असतील तर मुळीच नाही. झाकणाच्या बाटलीत भरून परत न्या. आणि पॅन (रंगाच्या वड्या) सुकल्याशिवाय डबी बंद करू नका, दमट हवेत रंगांना बुरशी येते.