क्रोम प्लेटिंगचे सांडपाणी: विष काढणे आणि ते निघाल्याची खात्री करणे

क्रोम प्लेटिंगच्या पिवळ्या सांडपाण्यातील हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे विषारी, पाण्यात विरघळणारे रूप) नुसत्या चुन्याने खाली बसत नाही. आधी त्याचे क्षपण करावे लागते, म्हणजे रासायनिक क्रियेने त्याचे कमी विषारी, खाली बसू शकणाऱ्या रूपात रूपांतर करावे लागते. इतर धातूंच्या प्लेटिंगमधून येणारे सायनाइडचे पाणी वेगळ्या टाकीत जात असल्याची खात्री सर्वांत आधी करावी, कारण ते आम्लात मिसळल्यास प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. मग सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ ते ३ वर आणून, पाणी ढवळत, सोडियम मेटाबायसल्फाइट थोडे थोडे घालावे. या वेळी सल्फर डायऑक्साइड सुटतो, म्हणून टाकीजवळ हवा खेळती हवी. पिवळेपणा जाऊन हिरवट छटा आली तरी नजरेवर विसंबू नये. आम्लयुक्त नमुन्यात डायफेनिलकार्बाझाइड हे हेक्साव्हॅलंट क्रोमियम ओळखणारे रसायन घातल्यावर जांभळट रंग आला, तर क्षपण अपुरे आहे. ते पूर्ण झाल्यावर चुन्याने पीएच ८.५ ते ९ वर नेला की गाळ बसतो. हा गाळ धोकादायक कचरा असल्याने तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्राकडेच पाठवावा.

नदीनाल्यात सोडण्याच्या पाण्यासाठी हेक्साव्हॅलंट क्रोमियमची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियमची २ मिलिग्रॅम आहे. मात्र हे आकडे जुळले म्हणजे पाणी निर्विष झाले, असे मानणे मला धोक्याचे वाटते. अहवालात न मोजलेले द्रव्यही जिवाला मारते. म्हणूनच पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मध्ये माशांची चाचणी आहे: पातळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत.

चाचणी जाणकार प्रयोगशाळेतच करावी. एका टाकीत प्रक्रिया केलेले सांडपाणी आणि दुसरीत क्लोरीनविरहित स्वच्छ पाणी घेऊन दोन्हींत सारख्याच आकाराचे, निरोगी आणि आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेले मासे सोडावेत. रोज ठरल्या वेळी कल्ल्यांची हालचाल पाहावी. ती थांबली असेल आणि हलकेच स्पर्श केल्यावरही मासा हलत नसेल, तर तो मृत धरून लगेच बाहेर काढावा. स्वच्छ पाण्यातच १० टक्क्यांहून अधिक मासे मेले, तर चाचणी रद्द समजावी. पीएच, तापमान आणि विशेषतः विरघळलेला प्राणवायू रोज नोंदवावा, कारण जास्त पडलेले मेटाबायसल्फाइट प्राणवायू खाऊन टाकते आणि मासे गुदमरून मरतात.

मासे मेल्यास त्याच पाण्यात काही काळ हवा सोडून नवे मासे सोडून चाचणी पुन्हा घ्यावी. आता ते जगले, तर मेटाबायसल्फाइटच्या मात्रेवर संशय घ्यावा. तरीही मेले, तर प्लेटिंगमधूनच पाण्यात येणारे निकेल व तांबे तपासावे, कारण क्रोमियमला मानवणाऱ्या पीएचला निकेल पुरते बसत नाही आणि त्यासाठी पीएच १० च्या आसपास न्यावा लागतो.