तीन ट्रान्समीटर, एक मोबाइल: चॅनेल फीडबॅकचे बिट कुठे वाचवायचे आणि कुठे नाही

दोन टॉवरवरून सारख्या ताकदीचे सिग्नल फेज (लहरींचे चढउतार) जुळवून मोबाइलपर्यंत आले, तर मिळणारी पॉवर एकट्या टॉवरच्या चौपट होते, म्हणजे ६ डीबी जास्त. फेजमध्ये ९० अंशांची चूक झाली की ३ डीबी उरतात. तेवढे तर फेज न जुळवताही सरासरीने मिळतात. १२० अंश चुकलं तर दुसरा टॉवर असून नसल्यासारखा. फेज जुळवायची तर मोबाइलने प्रत्येक ट्रान्समीटरचा चॅनेल (वाटेत सिग्नलची ताकद आणि फेज कशी बदलते ते) मोजून कळवावा लागतो, आणि हे कळवणं, म्हणजेच फीडबॅक, अपलिंकला (मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या दिशेला) महाग पडतं.

उदाहरण म्हणून ५जीचा ३.५ गिगाहर्ट्झ बँड, १०० मेगाहर्ट्झ रुंदी, सबकॅरिअरमध्ये (बँडमधल्या बारीक वाहक लहरींमध्ये) ३० किलोहर्ट्झ अंतर आणि प्रत्येकी ३२ पोर्टचे (अँटेना-जोडण्यांचे) तीन ट्रान्समीटर घेऊ. मानकात यांना टीआरपी (ट्रान्समिशन-रिसेप्शन पॉइंट) म्हणतात. टीव्हीच्या टीआरपीशी त्याचा संबंध नाही. हा बँड टीडीडी आहे, म्हणजे दोन्ही दिशा एकच वारंवारता आळीपाळीने वापरतात, म्हणून मोबाइलच्या अपलिंक सिग्नलवरून चॅनेल ओळखता येतो, मग फीडबॅक कशाला, असं कोणीही विचारेल. पण जॉइंट ट्रान्समिशनची (अनेक टॉवरनी मिळून पाठवण्याची) खरी गरज सेलच्या कडेला असते, आणि नेमका तिथेच दूरच्या टॉवरपर्यंत मोबाइलचा आवाज नीट पोहोचत नाही. शिवाय बऱ्याच हँडसेटमध्ये चार अँटेना ऐकतात आणि एक किंवा दोनच बोलतात.

आधी घड्याळ आणि विलंब

बहुतेक प्रयोग इथेच फसतात आणि दोष कोडबुकला (चॅनेल थोडक्या बिटांत लिहिण्याच्या पद्धतीला) दिला जातो. मोठ्या बेस स्टेशनला ±०.०५ पीपीएम (दशलक्षांश) इतकी वारंवारता-चूक चालते. ३.५ गिगाहर्ट्झवर ती १७५ हर्ट्झ होते. दोन टॉवरमध्ये एवढा फरक असेल तर ५ मिलिसेकंदांत त्यांच्यातली फेज ३१५ अंश फिरते. रिपोर्ट कितीही अचूक असला तरी तो वापरेपर्यंत शिळा झालेला असतो. ५ मिलिसेकंदांत ३० अंशांच्या आत राहायचं तर फरक सुमारे १६ हर्ट्झच्या खाली हवा. त्यामुळे तिन्ही रेडिओ एकाच बेसबँडला (सिग्नल तयार करणाऱ्या युनिटला) आणि एकाच क्लॉकला जोडा.

विलंबाचं गणित आणखी कडक आहे. या रुंदीला १६ रिसोर्स ब्लॉकचा (एक ब्लॉक म्हणजे १२ सबकॅरिअर) सबबँड, म्हणजे बँडचा एक तुकडा, घेतला तर तो ५.७६ मेगाहर्ट्झचा होतो. एका टॉवरचा मार्ग दुसऱ्यापेक्षा ३०० मीटरने लांब असेल तर त्याचा सिग्नल १ मायक्रोसेकंद उशिरा येतो. सायक्लिक प्रीफिक्स (उशिरा येणाऱ्या प्रतींसाठी राखलेला वेळ) सुमारे २.३ मायक्रोसेकंदांचा असल्याने डीकोडिंग बिघडत नाही, म्हणून चूक नजरेतून सुटते. पण एकाच सबबँडच्या आत दोन टॉवरमधली फेज पावणेसहा फेऱ्या मारते, आणि रिपोर्टमध्ये त्या सबबँडसाठी एकच फेज असते! अर्ध्या फेरीच्या आत राहायला मार्गातला फरक साधारण २६ मीटरच चालतो. यावर उपाय म्हणजे जवळच्या टॉवरचा सिग्नल तेवढा उशिरा पाठवायचा. हा विलंब मोजून कळवण्याची सोय थ्रीजीपीपीने (मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेने) मानकाच्या रिलीज १९ या आवृत्तीत केली आहे. ती नसेल तर अपलिंकच्या आगमनवेळेवरून अंदाज घ्या.

कोणाला गटात घ्यायचं

दुसरा टॉवर १० डीबीने कमजोर असेल तर फेज अगदी जुळूनही फायदा २.४ डीबी, १५ डीबीने कमजोर असेल तर १.४, आणि २० डीबीला ०.८. प्रत्यक्षातल्या चुका धरल्या तर १० डीबीच्या पलीकडच्या टॉवरवर बिट खर्चू नयेत, असं आमचं मत. न घेतलेल्या टॉवरला शून्य बिट लागतात, आणि याहून मोठी बचत कुठलंच कोडबुक देत नाही.

बिटांचा हिशोब

एक ट्रान्समीटर, अँटेनांची ४×४ मांडणी दोन पोलरायझेशनमध्ये (लहरीच्या कंपनाच्या दोन दिशांत), १८ सबबँड, रँक १ (एकच डेटा-प्रवाह), चार बीम (सिग्नल रोखण्याच्या दिशा). रिलीज १५ च्या टाइप-२ कोडबुकमध्ये बीम निवडीला १५ बिट, चार बीम दोन पोलरायझेशनमध्ये म्हणजे आठ घटकांपैकी सर्वात बळकट घटकाच्या क्रमांकाला ३, उरलेल्या सातांच्या अँप्लिट्यूडला (लहरीच्या उंचीला) २१, आणि प्रत्येक सबबँडला सात फेज तीन-तीन बिटांत, म्हणजे ३७८. एकूण ४१७. सगळा भार त्या शेवटच्या आकड्याचा आहे.

शेजारच्या सबबँडची फेज एकमेकींशी बांधलेली असते, कारण प्रतिध्वनी मोजकेच असतात. रिलीज १६ हेच वापरतं: १८ सबबँडऐवजी विलंबाचे ५ घटक घ्यायचे, ८×५ = ४० गुणकांपैकी (घटकाची अँप्लिट्यूड आणि फेज सांगणाऱ्या आकड्यांपैकी) जास्तीत जास्त २० कळवायचे. बीमला १५ बिट, विलंब निवडीला १२, कोणते गुणक आहेत त्या नकाशाला ४०, बळकट गुणकाला ५, संदर्भ अँप्लिट्यूडला ४, उरलेल्या १९ गुणकांना प्रत्येकी ७ म्हणजे १३३. एकूण २०९, म्हणजे जवळपास निम्मे.

तीन ट्रान्समीटरला हेच तीनदा केलं तर ६२७ होतात, आणि टॉवर-टॉवरमधली फेज तरीही कळत नाही. रिलीज १८ मध्ये चारपर्यंत टीआरपींचा एकत्र रिपोर्ट आला, त्यात गुणकांचा साठा सामायिक असतो. बळकट टॉवरला चार बीम, इतर दोघांना दोन-दोन द्या: ८० जागांपैकी २० गुणक निवडले तर एकूण सुमारे २९० बिट लागतात. मोबाइल आपसूकच बळकट मार्गांना जास्त गुणक देतो. हे आकडे हिशोबापुरते. बीम आणि गुणकांच्या संख्यांची प्रत्यक्ष जोडी मानकातल्या तक्त्यातूनच निवडावी लागते. विलंबाचे घटक तिन्हींना एकच ठेवायचे की प्रत्येकाला वेगळा सरकाव द्यायचा, असे दोन मोड आहेत. वर सांगितलेली विलंब-भरपाई नीट केली असेल तर एकच संच पुरतो.

गुणकाच्या ७ बिटांपैकी फेजला दिलेल्या ४ बिटांत कपात करायचा मोह टाळा. गुणकांची संख्या कमी करा. छोटा गुणक गाळला तर थोडी ऊर्जा जाते, मोठ्या गुणकाची फेज चुकली तर बेरीजच बिघडते.

किती वेळाने मागवायचं

चॅनेल टिकण्याचा काळ साधारण ०.४२३ भागिले डॉप्लर (हालचालीमुळे वारंवारतेत पडणारा फरक). चालणाऱ्या माणसाला, ताशी ३ किमी वेगाने, तो ४३ मिलिसेकंद येतो. ताशी ३० किमीला ४. म्हणून पायी चालणाऱ्याला १०–२० मिलिसेकंदांनी रिपोर्ट पुरतो. रिक्षातल्या प्रवाशासाठी हा सगळा खटाटोपच करू नका, एका टॉवरवर ठेवा.

अपलिंकमध्ये जागा कमी पडली तर रिपोर्टचा दुसरा भाग (ज्यात बीम आणि गुणक असतात) प्राधान्यक्रमाने गाळला जातो: बीम शेवटपर्यंत टिकतात, कमी महत्त्वाचे गुणक आधी जातात. थ्रूपुट (डेटाचा वेग) अधूनमधून घसरत असेल तर लॉगमध्ये ही गळती पाहा. ती वारंवार दिसली तर गुणकांची मर्यादा एक पायरी खाली आणा. अर्धवट गाळलेल्या मोठ्या रिपोर्टपेक्षा पूर्ण पोहोचलेला छोटा रिपोर्ट बरा, कारण मोबाइलने सीक्यूआय (चॅनेलच्या दर्जाचा आकडा) पूर्ण रिपोर्ट धरून काढलेला असतो आणि गाळल्यावर तो खोटा ठरतो.