सोलापुरातून गुलामगिरीच्या इतिहासाच्या संशोधनाकडे

गुलामगिरी, तिचे निर्मूलन आणि साम्राज्य यांच्या इतिहासात कारकीर्द घडवू इच्छिणाऱ्या सोलापूरच्या विद्यार्थ्याने पदवीच्या वर्गात असतानाच मोडी लिपी शिकायला घ्यावी, एम.ए. आणि नेट यथावकाश होतातच. आधी ओढलेल्या रेघेला लटकणारी सलग अक्षरे, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा धरबंध नाही, आणि त्या गर्दीत अचानक 'कुणबीण' किंवा 'बटीक', म्हणजे गुलाम स्त्री, हा शब्द दिसतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात बसायचे ते याच शब्दांच्या शोधासाठी.

प्रश्न निवडताना कायद्याचे नाव वाचून फसू नये. ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि १८३३ मध्ये गुलामगिरीच्या निर्मूलनाचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली ती मालकांसाठी, गुलामांसाठी नव्हे. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीचा भारतातील मुलूख त्यातून वगळलेला होता. येथे १८४३ चा पाचवा कायदा आला, पण त्यानेही गुलाम बाळगणे गुन्हा ठरवले नाही, न्यायालयांनी मालकी मान्य करू नये इतकेच सांगितले. फौजदारी तरतूद १८६० च्या दंडसंहितेत झाली. मधल्या सतरा वर्षांत त्या गुलाम बायकांचे काय झाले, हा माझ्या मते पीएच.डी.ला पुरेल असा प्रश्न आहे.

मार्गदर्शक निवडताना त्यांनी स्वतः दप्तरात काम केले आहे का, हे अवश्य विचारावे. प्रत्येक नोंदीसोबत रुमालाचा, म्हणजे कागदांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक त्याच क्षणी लिहावा. तो न लिहिल्यामुळे एका ओळीसाठी मला पुण्याची खेप पुन्हा करावी लागली होती.