मिरची घेताना देठ बघा

जांभळी नाक्याची मंडई असो की सोसायटीच्या गेटवरची हातगाडी, हिरव्या मिरचीच्या ढिगावर पाणी मारलेलं असतंच. त्यामुळे सालीच्या चकाकीवर जाऊ नका, शिळी मिरचीही ओली असली की चमकते. देठ मात्र लपवाछपवी करत नाही.

देठ हिरवा, ताठ आणि टोपी अंगाला घट्ट असेल तर माल ताजा. देठ तपकिरी झालाय पण मिरची टणक आहे, तर ती दोन-चार दिवसांची. लगेच संपवणार असाल तर बिनधास्त घ्या. टोपीच्या कडेला काळपट ओलसरपणा दिसला तर मात्र ती बाजूला टाका, कारण कुज बहुतेक तिथूनच आत शिरते. शंका आलीच तर एक मोडून बघा. ताजी बारीक मिरची कट्कन तुटते, शिळी नुसती वाकते. भजीच्या जाड मिरचीला हे लागू नाही, ती बोटांनी दाबून बघावी.

डागांत फरक असतो. सालीवर जांभळट-काळी छटा आहे पण जागा टणक आहे, तर तो नुसता रंग. गोल, खोलगट, मऊ डाग म्हणजे बुरशी. बारीक भोक दिसलं तर आत अळी असू शकते, चिरून बघा. आणि हिरवीतली एखादी लाल निघाली तर ती पिकलेली आहे, सडलेली नाही.

घरी आणल्यावर मिरच्या धुऊ नका. आधी ओल घालवा: सुती पंचावर पसरून पंख्याखाली तासभर ठेवा, पावसाळ्यात दोन-तीन तासही लागतात. मग निवडा. एक सडकी राहिली तर शेजारच्यांनाही घेऊन जाते.

तीन-चार दिवसांत संपणार असतील तर देठ राहू द्या. जास्त टिकवायच्या असतील तर काढा, कारण टोपीखाली ओल अडकते. देठ हलकेच पिरगाळून टोपीसकट ओढा. ओढताना मिरची फाटली तर ती आधी वापरा.

कोरड्या डब्यात तळाला टिश्यू, त्यावर मिरच्या सैलसर, वर आणखी एक टिश्यू, मग झाकण. वर्तमानपत्र नको, शाई मिरचीला लागते. तीन-चार दिवसांनी उघडून बघा, टिश्यू ओला लागला तर बदला. अशा मिरच्या दोन आठवडे तरी चांगल्या राहतात. पिशवीला गाठ मारून ठेवल्या तर आत पाणी सुटून चिकट होतात, उघड्या ठेवल्या तर सुरकुततात. नुसत्या सुरकुतलेल्या फेकू नका, फोडणीला चालतात. चिकट झाल्या किंवा आंबूस वास आला की विषय संपला.

डबा भाजीच्या ट्रेमध्येच ठेवा. मिरचीला 7 ते 10 अंश मानवतं आणि फ्रिज साधारण 4-5 अंशांवर असतो. अगदी मागे, थंड हवेच्या झोताजवळ ठेवल्या तर सालीवर खड्डे पडतात, बिया तपकिरी होतात. बिया तपकिरी पण गर टणक आणि वास ठीक असेल, तर बिया झटकून वापरा. तिखटपणा जाणार नाही, तो मुख्यतः बियांना धरून असलेल्या पांढऱ्या शिरेत असतो.

वाशीच्या मार्केटमधून स्वस्त म्हणून दोन किलो आणल्या असतील तर उरलेल्या फ्रीझरमध्ये टाका. धुऊन अगदी कोरड्या करा, देठ काढा, ताटात सुट्या पसरून दोन-तीन तास गोठवा आणि मग पिशवीत भरा. एकदम पिशवीत कोंबल्या तर गोळा होतो. गोठलेली मिरची वितळू न देता तशीच चिरा. वितळली की लिबलिबीत होते. वड्यासोबत तोंडी लावायला ती निरुपयोगी, पण आमटी-पोह्यांना काही फरक कळत नाही. फक्त कढत तेलात टाकताना जपा, बर्फामुळे तेल उडतं.

ठेचा करून ठेवायचा असेल तर तोही फ्रिजमध्येच. कच्ची मिरची-लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोहोचत नाही, आणि बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला नेमकं तेच लागतं. त्याचं विष वासावरून किंवा चवीवरून कळत नाही.

इतकी मिरची निवडल्यावर हात झोंबतातच. नुसत्या पाण्याने उपयोग होत नाही. आधी हाताला खोबरेल चोळा, मग साबणाने धुवा, आणि तोवर डोळ्यांना हात लावू नका.