फियाट ११०० रोज चालवण्याजोगी कशी करावी

साठच्या दशकातील फियाट ११०० डी मूळची इटलीतील तुरीनची असली, तरी आपल्याकडच्या गाड्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बांधल्या गेल्या. ती आजही रोज चालवता येते. मात्र कामाची सुरुवात कागदपत्रांपासून करावी. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण अशी गाडी नियमित वापरता येत नाही. म्हणून साधी खासगी नोंदणीच ठेवून तिचे वेळोवेळी नूतनीकरण करून घ्यावे.

त्यानंतर पत्रा तपासावा. पातळ फडक्यात गुंडाळलेले लहान चुंबक दरवाजाखालच्या पट्टीवरून सावकाश फिरवावे. जेथे ते पकड सोडून घसरते, तेथे रंगाखाली पत्रा उरलेला नसून लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे समजावे. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसल्यामुळे तळ आणि या पट्ट्याच सगळा भार पेलतात. गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा आणि त्यावर लगेच प्रायमर मारावा; जुन्यावर ठिगळ लावू नये. खर्चात हात आखडता घ्यायचाच असेल तर तो अन्यत्र घ्यावा, येथे नव्हे.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत. मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा), व्हील सिलिंडर (तो दाब चाकाच्या ब्रेकला देणारे) आणि रबरी होज (नळ्या) वरून चांगले दिसले तरी सरसकट नवे बसवावेत.

इंजिनाचे सुटे भाग इटलीतून मागवताना विशेष काळजी घ्यावी. तेथील ११०० डी १२२१ सीसीची आणि ७२ मिमी बोअरची (सिलिंडरच्या आतील व्यासाची) होती, तर आपल्याकडील १०८९ सीसीची आणि ६८ मिमीची. त्यामुळे तेथील पिस्टन किंवा हेड गॅस्केट येथे बसत नाही. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉलने जुने रबर खराब होते, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घ्यावेत.

स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा सैल हलत असेल, तर गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी दांड्याच्या जोडांमधील झिजलेले बुश (जोडात बसणाऱ्या छोट्या नळ्या) बदलून पाहावेत. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर टाकताना चाकांचा वेग जुळवून घेणारी रचना) नाही. गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकावा.

रंगकाम सर्वांत शेवटी करावे. त्याआधी दोन-तीन आठवडे गाडी चालवून रात्री तिच्याखाली पुठ्ठा अंथरावा. सकाळी तेलाचा डाग कोणत्या भागाखाली पडला आहे हे पाहून गळती शोधावी, आणि पुठ्ठा सलग काही दिवस कोरडा राहिल्यावरच गाडी रंगाऱ्याकडे न्यावी.